सड्यावरचा दवबिंदू

ही गोष्ट कुणाला सांगणार नाही, असं मी कबूल केलं होतं. पण नावं घेतली नाहीत तर चालेल, असं मला वाटतं.

एका गावातल्या शाळेत एक बाई होत्या. एकदा त्या चौथीच्या मुलांना म्हणाल्या, "प्रत्येकानं एक प्राणी नाहीतर झाड शोधा. पण इथं आणू नका. मला त्याच्या घरी न्या."

खालच्या वाडीतल्या मुलीनं सगळ्यांना विहिरीवर नेलं. तिथं दगडाच्या फटीत तिचा बेडूक राहायचा. त्या दिवशी नेमकी फट रिकामी.

"बेडूक बाजाराला गेला वाटतं!" एक जण ओरडला. सगळे हसले.

"असू दे. घर छान आहे हो त्याचं," बाई उभ्या उभ्याच म्हणाल्या.

मग वरच्या वाडीतली तिची मैत्रीण सगळ्यांना सड्यावर, कातळाच्या उघड्या माळावर, घेऊन गेली. कातळावर पाणी झिरपत होतं, तिथं बटणाएवढं लाल झाड होतं. पानांवर चिकट थेंब, थेंबात अडकलेलं चिलट.

"हा दवबिंदू," ती म्हणाली. "इथल्या मातीत कस नाही ना, म्हणून हा किडे खातो."

बाई पदर सावरून गुडघ्यांवर बसल्या आणि वाकून बघतच राहिल्या.

खालच्या वाडीतलीला ते वाकणं विसरता येईना. पाढे म्हणताना तेच, जेवताना तेच. माझ्यासाठी नाही वाकल्या!

रविवारी ती उलथनं घेऊन एकटीच सड्यावर गेली. झाड उपटून तिनं आपल्या अंगणात, भरपूर शेणखत घालून लावलं. इथं ते मोठं होईल, मग बाई माझ्या दारात वाकतील, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी पानांवरचे थेंब सुकले. चौथ्या दिवशी झाड काळं पडलं.

त्याच दिवशी बाई तिसरीच्या मुलांना घेऊन सड्यावर गेल्या. सोबत, किडे खाणारं झाड दाखवायला, या दोघीही होत्या. कातळावर नुसता खड्डा.

"थापाडी! झाड कधी किडे खातं का?" मुलं वरच्या वाडीतलीला चिडवू लागली. ती रडवेली होऊन खड्ड्याकडे बघत राहिली.

गप्प बसलं असतं तर कुणाला कळलं नसतं. पण खालच्या वाडीतली म्हणाली, "ती खरं बोलतेय. झाड मी नेलं. मेलं ते."

बाई रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "तू त्याला पोटभर वाढलंस. पण त्याला ही उपाशी मातीच हवी होती."

मैत्रीण वर्षभर तिच्याशी बोलली नाही.

पुढच्या श्रावणात त्या खड्ड्याशेजारी तीन लाल ठिपके उगवले. वरच्या वाडीतली धावत खाली आली आणि सगळ्यांच्या आधी तिलाच म्हणाली, "चल, बघ. पण उलथनं ठेव घरी!" दोघी कातळावर डोक्याला डोकं लावून वाकल्या.

तात्पर्य: दुसऱ्याचं झाड उचलून आणता येतं, त्याचं घर उचलून आणता येत नाही. मत्सराला मात्र कुठलीही माती चालते, म्हणून तो उगवायला लागला की आपणच— आले गं, आले! वरच्या वाडीतून मला हाक आली.