उलटं स्टूल

"विश्वास कुणावर ठेवायचा, तुम्हीच सांगा उस्ताद. तुमच्या हाताखाली शिकलेल्या माझ्यावर, की खेळ मोडका आहे म्हणून इंटरनेटवर बोंबलणाऱ्या लोकांवर?"

सन्मती कुडचे पुण्याहून मिरजेला आला होता, तो खरं तर हे विचारायला नव्हे. आला होता नाव मागायला.

इब्राहिम उस्तादांचं एकेकाळी मिरजेत व्हिडिओ गेमचं पार्लर होतं. तिथल्या कॉम्प्युटरसाठी त्यांनी स्वतः एक खेळ लिहिला होता, 'बुरुज'. पोरं शाळा बुडवून तो खेळायची. सन्मती त्यांतलाच, उस्तादांनी बखोटीला धरून त्याला खेळ लिहायला बसवलं. आता त्याची स्वतःची कंपनी होती, आणि त्यानं 'बुरुज' नव्या रंगरूपात बाजारात आणला होता.

फक्त पहिल्या पडद्यावर उस्तादांचं नाव नव्हतं. "आधी बघू दे," म्हणून त्यांनी ते अडवून धरलं होतं. जुन्या पेढीचं नाव पाटीवर असलं की नवा माल निम्मा तिथेच खपतो. हे सन्मतीला कळत होतं. उस्तादांनाही कळत होतं.

"दगड न् दगड नव्यानं रंगवलाय, उस्ताद. खंदकातल्या पाण्यात चंद्र हलतो." सन्मतीची छाती फुगली होती.

"दाखव."

उस्ताद स्टूल ओढून सन्मतीच्या लॅपटॉपवर खेळायला बसले. बोटं अजून तशीच चपळ. तिसऱ्या बुरुजाची शिडी चढून खेळातला गडी वर पोचला, पाऊल टाकलं, आणि फरशीतून आरपार खाली गेला. खाली... खाली... पडदा काळा.

सगळा डाव पुसला गेला. खेळ पुन्हा पहिल्यापासून.

उस्तादांनी मान वळवून सन्मतीकडे पाहिलं.

"ते... माहीत आहे आम्हाला. काम चालू आहे."

"तुला माहीत आहे. खेळणाऱ्यांना?"

"त्यांना कळवलंय की."

"काय कळवलंस?"

"'आपल्या प्रेमाबद्दल आभार. लवकरच सुधारणा.'"

"कधी?"

"...दिवाळीत."

बाहेर रस्त्यावर हापूसच्या पेट्या उतरत होत्या.

उस्ताद हसले. "माझा मेव्हणा लग्नाच्या पंगतीत असाच ओरडायचा, 'जिलबी येतेय, जिलबी येतेय!' लोक ताकभात खाऊन, हात धुऊन घरी गेले, बेटा."

सन्मतीला ते झोंबलं. "दोष उघड सांगितले तर लोक हसतील, उस्ताद. कंपनीच्या अब्रूचा प्रश्न आहे. तुमच्या खेळाच्या अब्रूचा आहे!"

उस्ताद उठले. ज्या स्टुलावर बसले होते तेच उचललं, उलटं केलं, आणि पाय वर करून लॅपटॉपसमोर ठेवलं.

सन्मतीनं ती खूण लगेच ओळखली.

पार्लरात मशीन बिघडलं की उस्ताद त्याच्यासमोर असंच स्टूल उलटं ठेवायचे. म्हणजे इथे नाणं टाकू नका. शेजारी पाटीवर खडूनं लिहिलेलं असायचं, आज उडी लागत नाही, आज डावीकडे वळत नाही.

"उलटं स्टूल बघून गिऱ्हाईक गेलं का रे कधी?"

सन्मती आठवू लागला. गर्दी तर त्याच मशीनपाशी असायची. उस्ताद मशीनची पाठ उघडून बसलेले, आणि पोरं उकिडवी बसून बघतायत. चालू झालं की टाळ्या. आणि बाकीच्या मशीनमध्ये नाणं टाकताना कुणाचा हात अडखळत नसे.

"नाही," तो म्हणाला. "नाही गेलं."

"साऱ्या मिरजेत उलटं स्टूल एकाच पार्लरात दिसायचं. माझ्या." उस्तादांची मान ताठ झाली. "बाकीच्यांची मशीनं म्हणे कधी बिघडायचीच नाहीत."



सन्मतीनं हळूच विचारलं, "मग नाव नाही देणार?"

"देणार तर! खेळ माझा आहे. पडला तरी माझाच."

"पहिल्या पडद्यावर?"

"तिथे तुझं घाल. काय काय मोडलंय ते आजच लोकांसाठी लिहून लाव, आणि त्याच्या डोक्यावर माझं घाल. ठळक." उस्ताद थांबले. "आणि हिशेब चोख ठेव, बेटा. एकही बिघाड कमी लिहू नकोस... माझं नाव आहे त्यावर."