फळीवरचा नारळ

एका गावात एक शेतकरी होता. आळशी म्हणावा तर तसा मुळीच नव्हता. पहाटे उठायचा, दिवसभर राबायचा, घाम गाळायचा. तरीही त्याच्या शेतावर एक काम पुरं झालेलं दाखवा म्हटलं असतं, तर त्याची बायकोसुद्धा दाखवू शकली नसती. तिला तर मुळीच दाखवता आलं नसतं, कारण त्या अर्धवट कामांत ठेचा खात संसार तिलाच करावा लागत होता.

विहिरीला कठडा होता, पण फक्त रस्त्याच्या बाजूनं. कोंबड्यांच्या खुराड्याला तीन बाजू होत्या, चौथी बाजू मांजराच्या सोयीसाठी ठेवली होती की काय कोण जाणे. भाजीच्या वाफ्यांभोवती छान काटेरी कुंपण होतं आणि त्याला फाटक नव्हतं. शेळ्या रीतसर वाटेनं आत यायच्या, मेथी खायच्या आणि वाटेनंच परत जायच्या.

याचं कारण होतं नारळ. नवं काम काढायचं म्हणजे आधी नारळ फोडायचा, हा रिवाज. या गड्याला त्या नारळाची भारी हौस. चार शेजारी बोलवायचे, कुदळीला हळदकुंकू लावायचं, नारळ फोडायचा, खोबरं आणि गूळ वाटायचा. लोक म्हणायचे, "वा, काय धडाका आहे." ते ऐकलं की त्याची छाती फुगायची. मग आठवडाभर काम जोरात चालायचं. त्यानंतर कुणी बघायला येईनासं झालं, की त्याचं मन उडायचं आणि नजर दुसरीकडे नव्या जागेवर जायची. एक ना धड भाराभर चिंध्या, दुसरं काय.

एकदा त्यानं गोठ्याचं काम काढलं. जुना गोठा चांगला होता, जरा कलला होता एवढंच. यानं तो आधी पाडून टाकला. नारळ फुटला, पाया भरला, भिंती उभ्या राहिल्या, दगडाची देखणी गव्हाण झाली. छपराचे वासे आले, उसाचं पाचट आलं. आणि तिथंच घोडं अडलं.

बायकोची एक म्हैस होती. माहेरून वगार आणली होती, हातानं चारून वाढवली होती. ती पहिल्यांदाच गाभण होती आणि दिवस भरत आले होते. गोठा पडल्यापासून बिचारी चिंचेखाली उभी असायची.

"अहो, छपराचं बघा की आता," बायको म्हणायची. "कधी व्याईल नेम नाही. उघड्यावर पारडू जगायचं का?"

"अगं, घालतो की. त्याला काय वेळ लागतो?"

हे ऐकून ऐकून तिचे कान किटले. शेवटी तिनंच शेजाऱ्यांना इर्जिक घातली. इर्जिक म्हणजे सगळ्यांनी एक दिवस येऊन कामाला हात लावायचा आणि ज्याचं काम त्यानं सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं. गव्हाची काढणी तोंडावर आली होती. तरी शेजारी भले, एक दिवस आले. बायकोनं पुरण शिजत घातलं.

शेतकरी वासे चढवायला भिंतीवर चढला आणि चढला तो तिथंच थांबला. वरून त्याला लिंबाखालची मोकळी जागा दिसली.

"अरे, इथं खळं किती झकास होईल," तो म्हणाला. "गोल, सारवलेलं. सगळी मळणी इथंच."

"दादा, आधी छप्पर," खालून शेजारी म्हणाला. "वासा धरून हात भरून आले."

"छप्पर काय, मी एकटा उद्या घालीन. एवढी माणसं पुन्हा कधी मिळायची? कुदळी घ्या. अगं, नारळ आण."

इर्जिकीत काम सांगायचं ते धन्यानं. शेजाऱ्यांनी एकमेकांकडे बघितलं, वासे खाली टाकले आणि कुदळी उचलल्या. बायकोनं नारळ आणून दिला. स्वयंपाकघरात जाऊन तिनं पुरण असं काही वाटलं, की पाट्याला घाम फुटावा.

संध्याकाळपर्यंत जागा सपाट झाली. शेजारी जेवले आणि घरी गेले. दुसऱ्या दिवसापासून जो तो आपल्या काढणीला लागला. हा रोज खळं सारवत बसला, आणि छपराचा उद्या काही उगवला नाही.

एका दुपारी आभाळ भरून आलं. वारा सुटला आणि टपोऱ्या गारा पडायला लागल्या. त्याच वेळी चिंचेखाली म्हैस कळा देऊ लागली.

बायको धावली. तिनं दावं सोडलं, म्हशीच्या पाठीवर घोंगडी टाकली आणि तिला ओढत थेट घरात नेलं. घर ते केवढं, दोन खोल्यांचं. अंथरुणं कोपऱ्यात फेकली, धान्याची पोती भिंतीला लावली, आणि म्हैस मधोमध उभी केली. तेवढ्यात शेतकरी गारा चुकवत दाराशी आला.

"आत जागा नाही," बायको म्हणाली.

"मग मी कुठं जाऊ?"

"नव्या गोठ्यात जा. पाया भरताना तुम्हीच म्हणाला होतात ना, असा गोठा पंचक्रोशीत नाही."

"अगं, त्याला छप्पर नाही."

"ठाऊक आहे मला. या घराला आहे, कारण हे तुमच्या वडिलांनी बांधलं. त्यांनी नारळ फोडला होता की नाही, मला माहीत नाही. छप्पर मात्र घातलं होतं." आणि तिनं दार लोटून घेतलं.

शेतकरी गोठ्यात जाऊन उभा राहिला. डोक्यावर घमेलं धरलं. गारा त्यावर ठणाठणा वाजत होत्या, देखण्या गव्हाणीत गारांचा ढीग साचत होता. समोर सारवलेल्या खळ्याचं तळं झालं होतं. घरातून म्हशीचं ओरडणं ऐकू येत होतं. पारडू गेलं तर बायकोला तोंड कसं दाखवू, हा एकच विचार त्याच्या मनात होता, आणि त्याला स्वतःची फार लाज वाटली.

गारा थांबल्या तेव्हा आतून बारीक आवाज आला. म्हैस व्याली होती. पारडू जगलं.

आता तरी शहाणपण यावं की नाही? दुसऱ्या दिवशी सकाळी हा अंघोळ करून, कपाळाला कुंकू लावून, हातात नारळ घेऊन उभा.

"काय हे?" बायकोनं विचारलं.

"छपराचं काम सुरू करतो."

बायकोनं कपाळाला हात लावला. मग त्याच्या हातातला नारळ काढून घेतला आणि चुलीवरच्या फळीवर ठेवला. "हा फोडायचा. पण शेवटचं पाचट चढल्यावर. तोवर म्हैस घरात आणि तुम्ही ओट्यावर."

तो शेजाऱ्याकडे गेला. शेजारी म्हणाला, "दादा, आम्ही खळ्याला आलो होतो की. आता गहू कोण कापणार?"

मग एकट्यानं वासे चढवले. बायको खालून सुंभ फेकायची, तो वरून बांधायचा. हात सोलवटले, पाठ धरली. नमनाला घडाभर तेल घालायची सवय, त्यामुळे शेवटाला किती तेल लागतं हे त्याला प्रथमच कळत होतं. बघायला कुणी येत नव्हतं. मध्येच एकदा हौदासाठी नामी जागा दिसली, तसा तो खाली उतरून घरात आला आणि त्याचा हात फळीकडे गेला. बायको पारड्याला पुसत होती. तिनं नुसतं वर बघितलं. तो पाणी पिऊन परत वर चढला.

अखेर शेवटची पेंढी बसली. म्हैस आणि पारडू गोठ्यात आले. बायकोनं फळीवरचा नारळ काढला आणि त्यानं तो उंबऱ्यावर फोडला. टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं. तो आत जाऊन खाली बसला आणि मान वर करून बघत राहिला. कुठंही आभाळ दिसत नव्हतं.

बायकोनं त्याच्या हातावर खोबरं आणि गूळ ठेवला.

"गोड आहे गं," तो म्हणाला.

"आजवर लोकांनाच वाटत आलात. आज पहिल्यांदा बसून खाताय."

थोड्या वेळानं तो उठला. बायकोनं धास्तावून विचारलं, "आता कुठं निघालात?"

"विहिरीच्या कठड्याचे दगड राहिलेत," तो म्हणाला आणि रिकाम्या हातानं विहिरीकडे गेला.

तिनं घरात जाऊन फळीवर दुसरा नारळ ठेवला.

तात्पर्य काय, तर नारळ कामाच्या सुरुवातीला खुशाल फोडावा, पण आसरा मिळतो तो पुऱ्या झालेल्या छपराखालीच.