ठमाबायची भट्टी

डोंगरावर अजून रस्ता चढला नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. दिवाळी सरली की काजुळवाडीची माणसं लाकडाचा कोळसा पाडायला डोंगरावर जायची. वर पाण्याचे हाल, म्हणून पोरं म्हाताऱ्यांजवळ वाडीतच राहायची. ती दिवसभर अंगणातून डोंगरावरचे धूर बघत बसायची. आपल्या भट्टीचा धूर दिसतोय म्हणजे आईबाप आहेत, एवढंच त्यांना कळायचं.

त्यांत सुकरी नावाची सात वर्षांची पोर होती. तिला वाईट तेवढंच दिसायचं. मीठ न्यायला खाली आलेल्या माणसानं एकदा तिला सांगितलं, आई बरी आहे, बापही बरा आहे, पायात काटा मोडला होता तो निघाला. पोरीनं काटा तेवढा धरून ठेवला, बाकीचं सोडून दिलं.

मग एका सकाळी तिच्या आईबापाच्या भट्टीचा धूर थांबला. सुकरीनं जेवण टाकलं, बोलणं टाकलं. म्हाताऱ्यांनी परोपरीनं समजावलं, अगं, कोळसा तयार झाला की भट्टी लिंपून निवायला ठेवतात, धूर थांबायचाच. पोरीच्या कानात काही शिरेना. वर जाऊन निरोप देईल असं धडधाकट माणूस वाडीत उरलं नव्हतं. चौथ्या दिवशी तिला उठून बसवेना.

वाडीत ठमाबाय होती. भट्टीत पाय भाजल्यापासून तिचं वर जाणं बंद होतं. तिनं समजावलं नाही. सुकरीच्या दारासमोर लाकडं उभी रचली, पाला घातला, माती थापली आणि हंड्याएवढी भट्टी पेटवली. असं म्हणतात, तीन दिवस ती तिथून हलली नाही, आणि तो धूर वाऱ्याला न जुमानता सरळ डोंगराकडे जात राहिला.

तिसऱ्या दिवशी धूर थांबला. ठमाबायनं हवेसाठी ठेवलेली भोकं लिंपली.

"मेली," सुकरी म्हणाली. इतक्या दिवसांतला हा तिचा पहिला शब्द.

दुसऱ्या सकाळी ठमाबायनं पोरीला मांडीवर घेऊन तिच्याच हातानं माती काढवली. आत काळाभोर कोळसा होता. एकावर एक आपटला तर खणखण वाजला. पोर बराच वेळ वाजवत राहिली. मग तिनं विचारलं, "आन् आई आलीच नाय तर?"



"माझी नव्हती आली," ठमाबाय म्हणाली. "या वाडीनं जेवू घातलं मला. तुलाबी घालंल. आता पेज पी."

सुकरी पेज प्यायली. असं म्हणतात, त्याच संध्याकाळी तिची आई निवायला ठेवलेली भट्टी टाकून धावत खाली आली. कोळसा पाडण्यात जन्म गेलेली बाई, पण वाडीतला धूर थांबलेला बघून तिचाही धीर सुटला होता.

आता डोंगरावर भट्ट्या नाहीत. माणसं लांब वीटभट्ट्यांवर जातात, तिथला धूर वाडीतून दिसत नाही. तरी ती निघाली की दारादारांत हंड्याएवढी भट्टी पेटते, आणि उघडेपर्यंत पोराजवळ कुणीतरी मोठं माणूस बसून राहतं. एरवीही अंगणात एकटं पोर डोंगराकडे बघत बसलेलं दिसलं, तर जाणारा-येणारा हातातलं काम ठेवून त्याच्या शेजारी बसतो. कुणी विचारलंच तर सांगतो, ठमाबायनं बसवलंय.