भांडणाला पान्हावणारी म्हैस

कोणे एके काळी, राजेसुद्धा वाडगाभर ताक पिऊन दरबारात बसत तेव्हा, एका गावात एक गवळी आणि गवळण राहत होती. दोघं मनाने लोण्यासारखी, जिभेने मात्र तिखट. म्हशीचं आंबोण कोणी भिजवायचं यावरून रोज सकाळी त्यांची जुंपायची. मनसोक्त भांडून झालं की गवळण पेंड-कोंड्याची ती पाटी म्हशीपुढे आदळायची, गवळी धार काढायला बसायचा आणि चरवी काठोकाठ भरायची.

एकदा एका साधूने दोघांना भांडण सोडायची शपथ घातली. दुसऱ्या दिवशी गवळणीने हसतमुखाने पाटी ठेवली. "खा गं बाई," म्हणाली.

म्हैस चमकली. घरात कोणी आजारी आहे की काय, अशा नजरेने तिने दोघांकडे पाहिलं. आंबोण खाल्लं, पण कान टवकारून कशाची तरी वाट पाहत राहिली. दुधाचा थेंब नाही!

रोज तीच तऱ्हा. दुधावर चालणारं घर ते, चूल थंड पडली. शेवटी गवळ्याने दावं सोडलं. "भाकड झाली ही. बाजारात नेतो."

गवळणीच्या काळजात चर्र झालं. रेडकू असल्यापासून तिने म्हशीला वाढवलं होतं. शपथ गेली खड्ड्यात! पदर खोचून ती दारात आडवी उभी राहिली.

"खबरदार! आधी स्वतःला विका! पण तुम्हांला फुकटसुद्धा कोण घेणार?"

"तोंड आवर!" गवळी गरजला.

तोच म्हशीच्या आचळांतून दूध ठिबकू लागलं.

"तुला आमची भांडणं आवडतात होय गं?" गवळणीने थक्क होऊन विचारलं.

"छे! डोकं उठतं," म्हैस म्हणाली. "पण भांडणामागून आंबोण येतं, हे अंगात भिनलंय. आवाज चढला की पान्हा आपोआप सुटतो. ही गाठ तुम्ही मारलीत, तुम्हीच सोडवा."

मग गवळणीने भांडणालाच चाल लावली. आधी ते गायचं, लगेच आंबोण द्यायचं. रोज एखादी शिवी गाळायची, चाल तेवढी ठेवायची. हळूहळू नुसत्या गाण्यावर चरवी भरू लागली.

गवळीही हौसेने सूर लावू लागला. तो सूर ऐकून शेजारी हात जोडून आले. "बाबांनो, त्यापेक्षा भांडत जा!"

तात्पर्य: ज्याच्यामागून घास येतो त्याचीच जिवाला सवय लागते, म्हणून घासाआधी आपण काय वाढतो ते पाहावं.