नागानं झाकलेली खूण

त्या दिवशी वारा अगदी पडला होता. वैशाखाचं ऊन असं, की तळ्याचं पाणी आटून मधोमध एवढंसं उरलं होतं, आणि काठचं वाळकं गवत नुसतं पाऊल टेकलं तरी करकरत होतं. त्या तळ्याकाठच्या एका वारुळात एक नाग राहायचा. रानात उंदीर फार माजले होते, म्हणून रानाचा कारभार पाहणाऱ्या म्हाताऱ्या गव्यानं त्याला विष बाळगायचा परवाना दिला होता. अट एकच. पाणवठ्यावर येताना त्यानं फणा उघडा ठेवायचा, म्हणजे फण्यावरची खूण सगळ्यांना लांबून दिसेल. आणि खूण दिसली की बाकीच्यांनी त्याला वाट द्यायची, त्याच्यावर पाय उचलायचा नाही. नाग हो म्हणाला. पण फणा मात्र कायम मिटूनच फिरायचा.

त्याच्या शेजारी एक धामण राहायची. तिला विष नव्हतं. पण गवतातून जाताना दोघांच्या पाठी सारख्याच दिसायच्या. ती नागाला म्हणायची, "दादा, पाण्यावर तरी फणा उघडून येत जा. तुम्ही कोण नि मी कोण, लोकांना कळत नाही."

"फणा काढून हिंडलो तर उंदीर आधीच पळतील, आणि मुंगूस मला शोधत येईल," नाग म्हणायचा. "शिवाय मी उगाच कुणाला चावलोय का कधी?"

"नाही चावलात. पण ज्याला हे ठाऊक नाही, त्यानं काय करायचं?"

नाग हसायचा. "तू फार घाबरट आहेस बाई."

त्या दुपारी दोघंही पाण्यावर आली होती. धामण दगडाला लागून होती, नाग तिच्यापासून दोन हातांवर, गवतात. इतक्यात एक रानम्हैस पाण्यावर आली. तिचं रेडकू चार दिवसांचं, अजून पाय लटपटत होते. पाणी बघून ते आईच्या पुढं धावलं आणि नेमकं त्या दोघांच्या समोर जाऊन उभं राहिलं. वरून टिटवी ओरडली, "जपून, म्हशीबाई. गवतात दोघं आहेत. एकाजवळ विष आहे, कुणाजवळ ते कळत नाही."

म्हैस जागच्या जागी थांबली. मग एक एक पाऊल टाकत रेडकाच्या पुढं आली. तिनं मान खाली घातली. "परवाना कुणाचा आहे? त्यानं खूण दाखवावी. मी पिल्लू घेऊन मागं सरते."

रेडकू आईच्या पायांतून पुढं डोकावलं.

"ताई, मी धामण," धामण हळूच म्हणाली. "माझ्याजवळ विष नाही."

"विष असलेलाही हेच म्हणेल," म्हैस म्हणाली.

धामणीच्या मागं दगड होता, पुढं खूर. तिला हलायलाही जागा नव्हती. ती म्हणाली, "दादा, फणा उघडा. एकदाच. त्या वाट देतायत."

नागानं ऐकलं. त्याच्या मनात आलं, आसपास मुंगूस असलं तर? आपण गप्प राहिलो तर हे आपोआप टळेल. तो मातीला आणखी चिकटला. तेवढ्यात रेडकानं खेळायला म्हणून एक पाय पुढं टाकला. धामण दचकून अंग आखडून घेऊ लागली. म्हशीला वाटलं, हिनं आता दंश केलाच. तिनं खूर उचलला आणि धामणीच्या पाठीवर सगळा भार देऊन ठेवला.

धूळ बसली तेव्हा म्हैस रेडकाला घेऊन निघून गेली होती. धामण हलत नव्हती. नाग सरपटत वारुळापाशी आला. पलीकडच्या बिळात राहणारी घोरपड दारातच बसली होती. तिनं सगळं पाहिलं होतं.

"मावशी, मी काही केलं नाही," नाग म्हणाला. "मी कुणाला चावलो नाही."

तात्पर्य : बाळांनो, ज्याला हत्यार बाळगायचं आहे त्यानं त्याची खूणही उघडी बाळगावी, नाहीतर संशय बिनहत्यारी शेजाऱ्यावर जातो. मी हे लांबण लावून सांगतोय, घोरपडीनं नागाला थोडक्यात सांगितलं. ती म्हणाली, "चावला नाहीस, खरं आहे. पण तू तुझी खूण झाकलीस, आणि म्हशीला ती धामण नाग वाटली."