येसूआत्याचा तळ्याबाबतचा अर्ज

विषय : विधिसभेच्या छताला लावलेले तळे गावास परत मिळणेबाबत.
अर्जदार : येसू कोळीण, राहणार डोहाळी.

एका राज्यात एका मांत्रिकाने डोहाळीचे तळे चटईसारखे गुंडाळले आणि राजधानीत विधिसभेच्या खांबांवर पसरून दिले. सभेला गार सावली झाली. गावाला चिखल उरला. पुढे तोही उरला नाही. हे सारे कायद्याने झाले होते आणि कायदा बदलणे तीन विधिकर्त्यांच्या हाती होते.

"येसूआत्या, तूच जा," गाव म्हणाले. "तुझं तोंड चालतं."

"त्याचंच तर भ्या वाटतं," येसू म्हणाली. रिकाम्या हाताने कुणाच्या दारी जाऊ नये, म्हणून सुकटीची पुरचुंडी घेऊन ती निघाली.

दारावर धनेश पक्षी होता. सभेचे सारे रीतिरिवाज त्याच्या चोचीत मावत. चोच तेवढी मोठी होती.

"पुरचुंडीत काय?"

"साहेबांना सुकट."

"बाहेर ठेव. मोत्यांचा हार आणणारा आत आहे. डावीकडचा दुसरा खांब."

येसूने वाकून पाहिले. खांबांना डोळे होते.

"एकच मागणे माग," धनेश म्हणाला. "कापूर विझण्याआधी माग. ठाऊक नसेल ते ठाऊक नाही म्हण."

ती आत गेली आणि तिची मान वर झाली. डोक्यावर तिचे तळे होते. माशांची पांढरी पोटे सरकत होती. मधोमध तिच्याच होडीचा तळ दिसत होता, तिनेच डांबर लावलेला. 

"कुठली?" पहिल्या विधिकर्त्याने विचारले.

"डोहाळीची. तुमच्याच मुलखातली."

दुसऱ्याने कापूर पेटवला. "बोल."

"आमचं तळं परत द्या. पोरं ओलाव्यासाठी खडे चोखतात."

ती थांबली. कापूर जळतच होता. उरलेला कापूर दुसऱ्याने प्रथमच पाहिला.

तिसरा म्हणाला, "तळे नेले तर सभेला सावली कशाची?"

येसूच्या जिभेवर बरीच उत्तरे आली. बहुतेक शिव्या होत्या. ती म्हणाली, "ते मला ठाऊक नाही. विचारून कळवीन."

"विचार करू," तिघे म्हणाले.

मांत्रिकाच्या शापाने आजवरचे सगळे अर्जदार इथेच खांब झाले होते. कुणी पाय धरले, कुणी तळतळाट दिला, कुणी पुन्हा पहिल्यापासून सांगू लागले. येसूने हात जोडले.

"ऐकून घेतलंत, उपकार झाले. येते मी."

उःशाप एवढाच होता. असे कुणी बोलेल, ही धास्ती मांत्रिकाला कधी वाटली नव्हती.

खांबांनी श्वास घेतला. मोत्यांच्या हारवाल्याने धूळ झटकली आणि घरची वाट धरली. त्याच्यामागे बाकीचेही निघाले. तळ्याला आधार उरला नाही. ते हलकेच सुटले आणि मासे, होडी, कमळे घेऊन शेतांवरून डोहाळीकडे तरंगत गेले. त्याची हिरवी सावली येसूच्या अंगावरून सरकली. दाराबाहेर ठेवलेली पुरचुंडी उचलून छातीशी धरून ती कितीतरी वेळ बघत उभी राहिली.

सावलीचे तिने गावात विचारून कळवले : वड लावावा. कळवलेले पोचले.

अर्ज विचाराधीन आहे.