लायटरने गिळलेली ठिणगी

घराघरांत मोबाइल नुकते शिरले होते, तेव्हाची गोष्ट. वृंदाकाकू दूध तापत ठेवून बाहेर मोबाइल बघत बसल्या. दूध उतू गेलं आणि शेगडी विझली.

"लायटरदादा, माझा गॅस सुटलाय रे!" शेगडी घाबरून म्हणाली. "आता तू पेटलास, तर घर उडेल!"

लायटरला कापरं भरलं. मोबाइलवरची नजर न काढताच काकू आल्या आणि त्यांनी खटका दाबला. लायटरने जीव मुठीत धरून ठिणगी गिळली. पुन्हा दाबला, पुन्हा गिळली.

"मेल्याला आत्ताच बिघडायचं होतं!" असं म्हणत काकूंनी वाकून तो केराच्या डब्यात टाकला. वाकल्या, तेव्हा कुठे त्यांना खाली साचलेल्या गॅसचा वास आला. त्यांनी धावत शेगडी बंद केली, खिडक्या उघडल्या.

घर वाचलं. पण लायटरची थरथर थांबेना. उद्या नवा लायटर येणार होता, काकू पुन्हा मोबाइलमध्ये रमणार होत्या आणि तो पहिल्याच खटक्याला पेटणार होता.